तराजू आणि तेरावा पत्ता

इंग्रजीत ज्याला 'ऑटम' म्हणतात त्या ऋतूला मराठीत नेमका शब्द नाही. पंचांगातली जागा पाहिली तर तो शरद ठरतो आणि बाह्य रूप पाहिले तर पानगळ. परंतु महाराष्ट्रातला शरद हा पाऊस सरल्यावर निवळलेल्या आकाशाचा, कोजागरीच्या चांदण्याचा आणि ऑक्टोबरच्या उकाड्याचा काळ असतो, तर इथल्या पळसाची पाने झडतात ती बरीच पुढे, हिवाळा उतरणीला लागल्यावर. युरोपातील लोकांनी या ऋतुबदलाविषयी जे चिंतन केले, राशींच्या, टॅरोच्या पत्त्यांच्या आणि केल्टिक सणांच्या रूपाने जे जपले, ते मराठीत आणताना हा भेद आधी ध्यानात घ्यावा लागतो, कारण त्या चिंतनाच्या मुळाशी एक साधी भौगोलिक वस्तुस्थिती आहे. सप्टेंबरच्या अखेरीस मुंबईत दिवस रोज जेमतेम एका मिनिटाने लहान होतो. डब्लिनमध्ये तो रोज सुमारे चार मिनिटांनी आखडतो. तिथे सप्टेंबरच्या अखेरीस बारा तासांचा असलेला दिवस नोव्हेंबरच्या आरंभी साडेनऊ तासांवर येतो आणि डिसेंबरात साडेसात तासांवर. जिथे उजेड असा डोळ्यांदेखत ओसरतो तिथे ऋतुबदल हा वर्णनाचा विषय राहत नाही, तो तगून राहण्याचा प्रश्न होतो.

या बदलाविषयी सर्वांत मोजूनमापून बोलते ती ज्योतिषाची भाषा. सूर्याचा आकाशातील वार्षिक मार्ग, म्हणजे क्रांतिवृत्त, आणि पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या पातळीत आकाशात कल्पिलेले वर्तुळ, ही दोन जिथे एकमेकांना छेदतात त्या बिंदूंना संपात म्हणतात. २२ किंवा २३ सप्टेंबरला सूर्य शरद संपातावर येतो, दिवस आणि रात्र जवळजवळ समसमान होतात, आणि पाश्चात्त्य ज्योतिषाच्या हिशेबाने त्याच क्षणी सूर्य तूळ राशीत शिरतो. पाश्चात्त्य राशिचक्रात तराजू हे एकमेव निर्जीव चिन्ह आहे. बाबिलोनी लोक त्या ताऱ्यांत तराजू पाहत, ग्रीकांना मात्र तिथे शेजारच्या विंचवाच्या नांग्या दिसत, आणि पुढे रोमन काळात तराजूच स्थिरावला. 'तुळेचा रवी नीच, तुळेचा शनी उच्च' हे सूत्र मराठी ज्योतिष्यांना तोंडपाठ असते; त्याचे कारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातील टॉलेमीने 'टेट्राबिब्लॉस' या ग्रंथात दिले आहे. मेषेपासून दिवस रात्रीहून मोठा होऊ लागतो आणि सूर्याचे उष्णतेचे सामर्थ्य बळावते म्हणून तिथे सूर्य उच्चीचा. तुळेपासून दिवस रात्रीहून लहान होऊ लागतो म्हणून तिथे तो नीचीचा. आणि शनी हा थंडीचा ग्रह असल्याने त्याचा क्रम नेमका उलटा. म्हणजे 'नीच' या शब्दात आज जो नैतिक हिणकसपणा ऐकू येतो तो मुळात नव्हता. ती उजेडाच्या ओहोटीची नोंद होती.

ही नोंद भारतात वेगळ्या वाटेने गेली. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अत्यंत संथ डोलत असल्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांच्या संदर्भात सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. राशी संपातापासून मोजल्या तर त्या सायन आणि ताऱ्यांना बांधून ठेवल्या तर त्या निरयन, आणि या दोहोंतले अंतर, म्हणजे अयनांश, आज सुमारे २४ अंशांचे झाले आहे. त्यामुळे भारतीय पंचांगात सूर्य तुळेत जातो तो १७ ऑक्टोबरच्या सुमारास, जेव्हा दिवस घटू लागून बरेच आठवडे लोटलेले असतात. सूत्र राहिले आणि त्याचे कारण मागे पडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांगाचा आग्रह धरला तो याच जाणिवेने, की महिन्याने आपला ऋतू सोडू नये. तो आग्रह व्यवहारात हरला, पण विचार म्हणून तो अजूनही बिनतोड आहे. सायन गणनेने कन्या आणि तूळ या दोन राशींत सूर्य असतो तो शरद, म्हणजे संपात हा शरदाचा आरंभ नव्हे, तो त्याचा मध्य होय.

हीच गोष्ट आयर्लंडच्या भाषेत शब्दशः आढळते. आयरिश भाषेत सप्टेंबरचे नाव 'सुगीचा मध्य' अशा अर्थाचे आहे, ऑक्टोबरचे 'सुगीचा शेवट' अशा अर्थाचे, आणि नोव्हेंबर हा 'साउइन'चा महिना आहे. साउइन हा ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सुरू होऊन १ नोव्हेंबरला संपणारा सण, वर्षाच्या काळोख्या अर्ध्या भागाचा उंबरठा. त्याचा हिशेब आकाशाशी जुळतो तो ओघाने; मुळात तो गवताचा आणि गुरांचा हिशेब आहे. उन्हाळाभर डोंगरकुरणांवर चरणारी गुरे या सुमारास खाली गोठ्यांकडे आणली जात, चारा किती आहे आणि तोंडे किती आहेत याची मोजदाद होई, आणि जी गुरे हिवाळा पार करणार नाहीत ती कापून मांस मुरवले जाई. तुळेचा तराजू हे ज्योतिषात रूपक आहे. गुराख्याच्या अंगणात तो प्रत्यक्ष होता, आणि एका पारड्यात टाकलेली वस्तू जीव होती.

आयरिश लोकांसारख्याच केल्टिक असलेल्या, आजच्या फ्रान्समधील गॉल लोकांविषयी ज्युलियस सीझरने नोंदवले आहे की ते काळ दिवसांनी न मोजता रात्रींनी मोजतात आणि रात्र आधी, दिवस तिच्या मागून, असा क्रम लावतात. वर्षाचेही तसेच, हे साउइनवरून दिसते. १८९७ साली फ्रान्समधील कोलिन्यी येथे काशाच्या पत्र्यावर कोरलेले एक गॉलिश कालदर्शक तुकड्यातुकड्यांत सापडले. त्यात पाच वर्षांचे ६२ महिने आहेत, त्यांपैकी दोन अधिक मास आहेत आणि प्रत्येक महिना दोन भागांत विभागलेला आहे. पक्ष आणि अधिक मास यांवर वाढलेल्या वाचकाला ते परके वाटू नये. त्यात 'सामोनिओस' महिन्याच्या तीन रात्रींची नोंद आहे. तिचे साउइनशी नाते काय यावर अभ्यासकांत एकमत नाही, पण चंद्र आणि सूर्य यांची सांगड घालण्याची तीच खटपट पश्चिम युरोपातही चालू होती एवढे त्यावरून निर्विवाद ठरते.

साउइनच्या रात्री 'शी', म्हणजे टेकड्यांच्या पोटातले परलोक, उघडतात अशी मध्ययुगीन आयरिश कथांची धारणा आहे. त्यांतील नेराची कथा या विषयाच्या गाभ्याशी नेते. रॉसकॉमन परगण्यातील क्रूअखान येथे राजा आलिल आणि राणी मेव्ह यांच्या वाड्यात साउइनच्या रात्री पैज लागते की बाहेर फासावर लटकलेल्या कैद्याच्या पायात डहाळीचे कडे अडकवून कोण येतो. नेरा जातो; प्रेत त्याला बोलते, तहान लागल्याचे सांगते, आणि नेरा त्याला पाठीवर घेऊन घरोघर पाणी शोधतो. परतल्यावर त्याला दिसते की वाडा जळाला आहे आणि माणसांची मुंडकी उडवली गेली आहेत. मारेकऱ्यांच्या मागोमाग तो गुहेतून परलोकात शिरतो, आणि तिथे त्याला कळते की जे दिसले ते अजून घडलेले नाही. वेळीच सावध केले नाही तर पुढच्या साउइनला ते घडेल. आपल्यावर विश्वास बसावा म्हणून तो परलोकातून उन्हाळ्याची रोपे आणि फुले घेऊन बाहेर येतो, कारण आत उन्हाळा आहे आणि बाहेर हिवाळा लागतो आहे.

भविष्य म्हणजे काय याविषयी इतके नेमके सांगणारी कथा क्वचितच आढळेल. नेराला दिसलेले दृश्य खरे आहे, पण ते अटळ नाही. ते इशारा म्हणून खरे आहे. आयर्लंडच्या घरगुती चालीरीतींत हीच वृत्ती हलक्या हाताने उतरलेली दिसते. त्या रात्री बार्मब्रॅक नावाचा मनुका घातलेला पाव कापला जातो आणि त्यात अंगठी, नाणे, चिंधी अशा वस्तू दडवलेल्या असतात. अंगठी येईल त्याचे लग्न, नाणे येईल त्याला पैसा, चिंधी येईल त्याला तंगी. हिवाळ्याच्या तोंडावर, कोठारातला हिशेब पुरा झाल्यावर, माणसे उरलेल्या अनिश्चिततेला एका पावात आणून बसवतात, आणि तो वाटून खातात.

टॅरोचे पत्ते या जगात फार उशिरा आले. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते खेळासाठी रंगवले गेले, आणि त्यांतील २२ विशेष पत्ते हे निव्वळ हुकमाचे पत्ते होते. ते प्राचीन इजिप्तचे गूढ ज्ञान आहे हा समज १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने पसरवला आणि त्याला कोणताही आधार नव्हता. १८८८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या 'गोल्डन डॉन' या गूढविद्येच्या संघाने या पत्त्यांना राशी वाटून दिल्या. त्यात 'न्याय' तुळेकडे आला आणि 'मृत्यू' वृश्चिकेकडे. जुन्या फ्रेंच संचात न्यायाचा क्रमांक आठवा होता. राशींचा क्रम सुरळीत लागावा म्हणून १९०९ साली या संघाचे सदस्य राहिलेल्या आर्थर वेट यांच्या संचात तो अकरावा झाला. राशीचा दहा-दहा अंशांचा वाटा, म्हणजे भारतीय ज्योतिषातील द्रेष्काण, उरलेल्या लहान पत्त्यांपैकी एकेकाला मिळाला, आणि तुळेचा मधला द्रेष्काण तीन तलवारींच्या पत्त्याकडे गेला: पावसाळी ढगांखाली तीन तलवारींनी विंधलेले हृदय. त्याचा ग्रह शनी. भारतीय पद्धतीतही या द्रेष्काणाचा स्वामी शनीच येतो, जरी तिथवर पोहोचण्याचा नियम निराळा आहे.

वेट यांच्या संचाची चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने अगदी थोड्या मोबदल्यात काढली, आणि आज टॅरो म्हटले की जगाच्या डोळ्यांपुढे जे येते ते बहुतांशी तिचे काम आहे, हे विसरणे अन्यायाचे होईल. तिचा तेरावा पत्ता, म्हणजे 'मृत्यू', निरखून पाहण्याजोगा आहे. चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसून संथपणे येतो आहे आणि त्याच्या काळ्या निशाणावर पांढरा गुलाब आहे. राजा उताणा पडला आहे, त्याचा मुकुट मातीत आहे. धर्मगुरू हात जोडून उभा आहे. तरुणीने मान वळवली आहे. आणि लहान मूल तेवढे गुडघ्यावर बसून घोड्याकडे तोंड वर करून पाहते आहे. मागे नदीत होडी आहे आणि दोन बुरुजांमध्ये क्षितिजावर सूर्य. जुन्या फ्रेंच संचात हाच पत्ता कोयता घेऊन कापणी करणाऱ्या सांगाड्याचा होता, आणि कित्येक संचांत त्यावर नाव छापलेले नसे. टॅरोचे अभ्यासक या पत्त्याचा अर्थ शारीरिक मरण असा न घेता एका अवस्थेचा अंत असा घेतात. हा अर्थ भीती कमी करण्यासाठी काढलेली पळवाट आहे अशी शंका घेता येईल, पण नेराच्या कथेजवळ ठेवून पाहिला तर तो टिकतो: प्रेताला पाठीवर घेतल्याशिवाय पुढचे दिसत नाही.

वृश्चिक, तेरावा पत्ता आणि साउइन ही तिन्ही एकाच पंधरवड्यात येतात, म्हणून ती एकाच आदिम ज्ञानाची अंगे आहेत असे आज सर्रास सांगितले जाते. हे ऐतिहासिकदृष्ट्या खरे नाही. इटलीतल्या पत्तेवाल्यांना आयर्लंडच्या गुरांची कल्पना नव्हती आणि आयरिश कथाकारांना टॉलेमीच्या उच्च-नीचाची गरज नव्हती. आठ सणांचे 'वर्षचक्र' आधुनिक पेगन पंथाने, म्हणजे ख्रिस्तपूर्व निसर्गपूजेचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्या पंथाने, १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये जुळवले, आणि शरद संपाताच्या सणाला 'मेबन' हे वेल्श नाव एडन केली या अमेरिकन लेखकाने १९७० च्या दशकात दिले. रोनाल्ड हटन या इतिहासकाराने हा घडणीचा इतिहास सविस्तर मांडला, आणि पंथाच्या अनेक विचारी अनुयायांनी तो स्वीकारला, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची मोठी खूण आहे. परंपरेचे वय खोटे सांगण्याची गरज तेव्हाच पडते जेव्हा तिच्या आशयावर भरवसा नसतो. इथे आशय भक्कम आहे. आधी मोजदाद, मग सोडून देणे, हा शरदातल्या दोन टप्प्यांचा क्रम तिन्ही भाषांनी आपापल्या परीने ओळखला, कारण त्यांच्यापुढे घटता उजेड एकच होता.

मृतांच्या स्मरणाचेही तसेच म्हणता येईल. चर्चने १ आणि २ नोव्हेंबर हे दिवस संतांना आणि मृतात्म्यांना वाहिले, आणि आजही २ नोव्हेंबरला गोव्यात आणि वसईत कबरी साफ करून त्यांवर फुले आणि मेणबत्त्या ठेवल्या जातात. पितृपक्षही बहुधा शरद संपाताच्या आगेमागेच येतो. यांतून एखादा सामाईक उगम शोधू पाहणे व्यर्थ आहे. धान्य घरात आल्यावर, ज्यांनी ते पूर्वी पिकवले त्यांची आठवण होणे पुरेसे स्वाभाविक आहे.

या साऱ्याची खरी परीक्षा दक्षिण गोलार्धात होते. ऑस्ट्रेलियात सप्टेंबरचा संपात वसंताचा असतो, दिवस वाढू लागलेले असतात, आणि तरीही तिथले ज्योतिषी सूर्याला तुळेतच मानतात. मेलबर्न आणि सिडनीतले मराठी लोक शारदीय नवरात्रही तिथल्या वसंतातच साजरे करतात. आपापल्या लोकांशी तिथी जुळावी म्हणून ते योग्यही आहे. तिथल्या पेगन मंडळींनी मात्र चक्र अर्धे फिरवून घेतले आहे. ज्या परंपरेला सर्वांत तरुण म्हणून हिणवले जाते तिनेच ऋतूशी सर्वांत चोख इमान राखले: ऑस्ट्रेलियात साउइनचा अग्नी एप्रिलच्या अखेरीस पेटतो, जेव्हा तिथला दिवस खरोखर आखडत असतो.