तिचा खेळ मोडू देऊ नकोस

पांडुरंगा, मायबापा,

दिवा लावला, उदबत्ती ओवाळली आणि तुझ्यापुढं बसले. आज माझ्यासाठी काही मागणार नाही. माझा लेक गेला त्याला पाच महिने झाले. त्यावर तुझ्याशी जे भांडायचं होतं, ते रात्री-अपरात्री भांडून झालं. आजचं मागणं माझ्या पाच वर्षांच्या नातीसाठी आहे.

आधी माझी चूक पदरात घे. "बाबा कुठंय?" असं तिनं विचारलं, तेव्हा मी म्हणून गेले, "देवाघरी गेला." सगळेच असं म्हणतात. तीन दिवसांनी पहाटे उठून बघते, तर पोरगी या देव्हाऱ्यापुढं गुडघ्यांवर बसलेली. तुला उचलून तिनं पाटावर ठेवलं होतं. शेजारी रखुमाई, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, खंडोबाचा टाक, सगळे ओळीनं मांडलेले. रिकाम्या देव्हाऱ्यात हात घालून ती मागची फळी चाचपत होती. मला म्हणाली, "आजी, इथं मागं दारच नाहीये."

विठ्ठला, त्या एका वाक्यानं माझे पाय गळाले. आम्ही मोठी माणसं शब्द मऊ करून सांगतो, आणि लेकरू त्या शब्दाचं दार शोधत बसतं.

अंगणवाडीच्या ताईंनी मला समजावलं. मरण म्हणजे कायमचं जाणं, हे या वयात एकदम कळत नाही. म्हणून लेकरं तेच तेच विचारतात, आत्ता रडतात आणि घटकाभरात खेळायला पळतात. गावाला गेला म्हटलं तर वाट बघत बसतात, झोपला म्हटलं तर झोपायला भितात. म्हणून सरळ सांगा, बाबा मेला, त्याचं शरीर बंद पडलं, ते आता पुन्हा चालू होणार नाही. आणि यात तुझी काही चूक नाही, हेही सांगा.

मी तिला मांडीवर घेऊन तसं सांगितलं. बराच वेळ ती माझ्या बांगड्या फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी बाबाला 'जा, तू मला नको' म्हटलं होतं. त्यानं नाही ना?" देवा, एवढ्याशा जिवानं हे ओझं इतके दिवस कुठं ठेवलं होतं? "नाही गं बाई, बोलण्यानं कुणी मरत नाही," असं मी दहादा सांगितलं. अजून दहादा सांगावं लागलं तरी माझ्या आवाजात कंटाळा येऊ देऊ नकोस.

आता दुसरी चूक. मागच्या अंगणात चिंचेखाली तिची भातुकली असते. शेजारचा पोरगा, तिच्याहून वर्षभरानं मोठा, बाबा होतो आणि जमिनीवर आडवा पडतो. ती त्याच्या अंगावर आईची ओढणी घालते, करवंटीतलं पाणी ओठाला लावते, मग म्हणते, "ऊठ." तो उठतो आणि दोघं चिंचेच्या पाल्याची भाजी जेवतात. पुन्हा तो पडतो, पुन्हा उठतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ओरडले, "असलं अभद्र खेळू नका!" ओढणी हिसकावून घेतली. पोरं घाबरून पळाली.

रात्री मला दहावा आठवला. चंद्रभागेच्या वाळवंटात पिंड मांडला होता. ऊन चढलं तरी कावळा शिवेना. शेवटी मी हात जोडून म्हटलं, "तुझ्या पोरीला सांभाळीन रे, जा आता." आणि कावळा उतरला. मी पिकल्या केसांची बाई त्या कावळ्यात माझा लेक बघून रडले. मग माझ्या नातीनं मित्रात बाप बघितला, तर ते अभद्र कसं? सकाळी उठून ओढणी मीच चिंचेखाली नेऊन ठेवली.

तुला हा खेळ नवा नाही. गंगाखेडची जनी आई गेल्यावर दामाशेटींच्या घरी आली. पोरक्या पोरीच्या जात्याचा खुंटा धरायला तू धावलास, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो; गोपाळपुरात ते जातं आजही दाखवतात. आईबापांविना वाढलेल्या चार भावंडांत ज्ञानदेवानं ताटी लावून घेतली, तेव्हा त्याची समजूत घालायला धाकटी मुक्ताईच बसली होती. लेकराचं दुःख लेकरालाच कळतं, हे तू जाणतोस.

म्हणून आज त्या शेजारच्या पोराला तुझ्या पायांवर घालते. तो काही विचारत नाही, तिला गप्प करत नाही. ती म्हणेल तितक्यांदा मातीत पडतो. मुंगी चावली तरी हलत नाही. त्याला उदंड आयुष्य दे.

गेल्या आठवड्यात खेळ बदलला. तो पडला, तिनं ओढणी घातली आणि म्हणाली, "आज उठू नको. बाबा उठत नसतो." तो पडून राहिला. ती शेजारी बसली, त्याच्या केसांतली माती काढत राहिली. मग ओढणी बाजूला केली. "आता तू बाबा नाही. आता तू तूच." पुन्हा पानं मांडली, तीन. तिसरं कुणाचं, असं त्यानं विचारलं. "बाबाचं. तो येणार नाही, पण वाढायचं." मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. पदर तोंडात धरला, पण या वेळी बाहेर धावले नाही.

पांडुरंगा, हा खेळ तिचा तिला खेळू दे. कुणी मध्येच उठवू नये, कुणी घाई करू नये, मीसुद्धा नाही. माझी सून अजून मुकी होऊन बसली आहे. तिलाही असं एक अंगण मिळू दे. ज्या पोरक्या लेकरांसाठी मातीत पडणारं कुणी नाही, त्यांच्या जात्याला तू हात लाव.

आषाढी पौर्णिमेला दोघांनाही गोपाळपूरच्या काल्याला आणीन. एकाच द्रोणात दोघांना काला देईन.

वाळवंटात मी लेकाला शब्द दिला आहे. तो पाळायला ही पोर मोठी होईपर्यंत माझे हातपाय चालते ठेव. आणि पुन्हा कधी पहाटे तिनं तुला उचलून मागची फळी चाचपली, तर रागावू नकोस. पाटावर शांत बैस, तिचा हात फिरून होईपर्यंत.