जे टळलं असतं, त्याचं काय?



आजचा श्लोक: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक २७.
भावार्थ: जो जन्मला त्याला मरण आहेच, आणि जो गेला त्याला पुन्हा जन्म आहे. म्हणून जे टाळता येतच नाही, त्याचा शोक करत बसू नकोस.

रोज एक श्लोक असं क्रमाने वाचत आलोय, त्यात आज नेमका हा आला. आणि आज तारीख २६ एप्रिल. माझ्यासारख्या बीडच्या माणसाला या दोन गोष्टी एकत्र आल्यावर गप्प बसवत नाही.

२६ एप्रिल १९९३, सोमवार, दुपारची वेळ. इंडियन एअरलाइन्सचं एक बोइंग ७३७ दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत तेव्हाच्या औरंगाबादला आलं होतं आणि तिथून मुंबईला निघालं होतं. आत ११८ माणसं. चिकलठाण्याच्या धावपट्टीवर विमान जमिनीवरून वेळेत उचललं गेलं नाही. धावपट्टीच्या टोकापलीकडे रस्ता, आणि रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक. विमानाची डावी चाकं आणि इंजिनाचा भाग ट्रकला लागला. पुढे विमान विजेच्या तारांना धडकून कोसळलं आणि पेटलं. ५५ माणसं गेली, ६३ वाचली.

चौकशीत दोन कारणं नोंदवली गेली. एक, वैमानिकांनी विमान उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली. दोन, विमानांच्या वेळेत त्या रस्त्यावरची वाहतूक विमानतळ प्राधिकरणाने रोखली नाही. त्या रस्त्याचं नाव अहवालात आहे: बीड रोड.

माझ्या जिल्ह्याचं नाव असं वाचल्यावर मी फोन बाजूला ठेवला. कापसाच्या गाठी, ट्रक, भर उन्हाचा रस्ता, हे सगळं आमचंच. विमान सोडलं तर त्यातलं काहीच मला परकं नव्हतं.

आता श्लोकाकडे या. त्या ५५ जणांचं मरण कधीतरी येणारच होतं का? हो. प्रत्येकाचं येणार आहे. पण त्या दिवशी, त्या जागी, तसं येणं टाळता आलं नसतं का? काही मिनिटं रस्ता अडवला असता तर तो ट्रक तिथे नसता. मग भगवंताचा हा श्लोक आपण नेमका कशाला लावतो?

हा प्रश्न माझ्या डोक्यात पुस्तकातून आलेला नाही. तो एका आईने मला विचारला होता.

मी कॉलेजला, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमचा कबड्डीचा संघ होता. मी बदली खेळाडू, पण पैशांचा हिशोब माझ्याकडे. शेजारच्या तालुक्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. जायला जीप ठरवायची होती. दोन जीपवाले होते, त्यातला एक ८०० रुपयांनी स्वस्त. मी स्वस्तवाला ठरवला. सकाळी निघताना तो ड्रायव्हर तोंडावर पाणी मारत होता. लग्नसराई होती. "दोन रात्री झोप नाही, पण येऊ की जाऊन," असं तो हसत म्हणाला. मी ते ऐकलं. माझं त्या दिवशी प्रॅक्टिकल होतं, म्हणून मी गेलो नाही. हात केला आणि कॉलेजात शिरलो.

संघ जिंकला. रात्री परत येताना उसाने भरलेली एक ट्रॉली रस्त्यात उभी होती. मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही. डिसेंबरात आमच्याकडच्या रस्त्यांवर जो कधी रात्री फिरलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको. ड्रायव्हर गेला आणि आमचा लेफ्ट कॉर्नर गेला. बाकीचे जखमी झाले. लेफ्ट कॉर्नर म्हणजे ज्याच्या हातात घोटा आला की चढाई करणारा सुटत नसे, असा पोरगा. माझ्या डब्यातलं लोणचं रोज तोच संपवायचा.

दशक्रियेला आम्ही सगळे गोदावरीकाठी गेलो. मी नुकताच गीता वाचायला लागलो होतो. त्याची आई एका बाजूला बसली होती. मी जवळ जाऊन बसलो आणि मोठ्या भक्तिभावाने हाच श्लोक म्हटला, अर्थ सांगितला. "मावशी, जन्मलेल्याला जावंच लागतं. देवाची इच्छा."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "ते खरंय रे लेकरा. पण त्या ट्रॉलीला लाइट नव्हती, ते बी देवानंच ठरविलं व्हतं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर उत्तर होतं, पण ते देण्याची हिंमत नव्हती. मला तेव्हाच आतून कळलं होतं की तो श्लोक मी तिच्यासाठी म्हटला नव्हता, स्वतःसाठी म्हटला होता. सगळं देवाचं आहे असं एकदा ठरलं की ८०० रुपये कुणाचेच राहत नाहीत.

मित्रांनो, श्लोकातला एक शब्द नीट पाहा. भगवंत म्हणतात, 'अपरिहार्य' गोष्टीचा शोक करू नको. म्हणजे ज्याला परिहार नाही, जे टळत नाही, त्याचा. टळण्यासारखं जे आहे, त्याच्याबद्दल इथे काहीही म्हटलेलं नाही. उलट हा श्लोक ज्याला सांगितला तो अर्जुन हातात धनुष्य घेऊन उभा होता. त्याने कर्तव्य सोडू नये म्हणून हे सांगितलं. आणि आपण मात्र कर्तव्य चुकल्यावर, ते झाकायला तोच श्लोक वापरतो.

युद्ध संपल्यावर महाभारतात स्त्रीपर्व येतं. गीता ऐकलेला अर्जुन तिथे आहे, सांगणारा कृष्णही आहे. तरी गंगेकाठी गेलेल्यांना पाणी दिलंच जातं. आपण ज्ञानी झालो, आता स्मरण कशाला, असं कुणी म्हणत नाही. आणि पाणी देण्याच्या त्याच वेळी कुंती रडत रडत सांगते की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. आयुष्यभर लपवलेली गोष्ट तिला तिथे बोलावी लागते. युधिष्ठिर हादरतो. हे आधी कळलं असतं तर एवढा संहार झालाच नसता, असं त्याला वाटतं.

मला या प्रसंगातून एवढं उमजलं: मेलेल्याला पाणी देताना खोटं बोलता येत नाही. त्याचं नाव घ्यायचं, तर तो कसा गेला तेही खरं सांगायचं.

जगाच्या दुसऱ्या टोकाला एक गाव हे आपल्या पद्धतीने करतं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातलं हंटिंग्टन. १४ नोव्हेंबर १९७० च्या संध्याकाळी तिथल्या मार्शल विद्यापीठाचा फुटबॉल संघ सामना हरून विमानाने घरी परतत होता. उतरण्याच्या जरा आधी विमान टेकडीवर कोसळलं. खेळाडू, प्रशिक्षक, गावातले पाठीराखे, विमानाचे कर्मचारी, सगळे मिळून ७५ जण गेले. एकही वाचला नाही. सहा खेळाडूंची ओळखच पटली नाही, त्यांना गावातल्या दफनभूमीत शेजारी शेजारी ठेवलं आहे.

विद्यापीठाच्या आवारात त्यांच्या स्मरणार्थ एक कारंजं आहे. दर १४ नोव्हेंबरला लोक जमतात, गेलेल्यांची नावं घेतात आणि कारंजं बंद करतात. वसंत ऋतू आला की पाणी पुन्हा सुरू होतं. आज तिथे शिकणाऱ्या पोरांचा त्या अपघाताच्या वेळी जन्मही झाला नव्हता. तरी ती येऊन उभी राहतात.

त्या संघाचे एक सहायक प्रशिक्षक, रेड डॉसन, विमानात नव्हते. नवे खेळाडू पाहायचे म्हणून ते गाडीने येत होते. त्यांनी पुढचं एक वर्ष नव्या संघाबरोबर काम केलं आणि मग प्रशिक्षकाचं काम सोडलं. त्यांच्याबद्दल वाचताना मला प्रॅक्टिकलचा तो दिवस आठवला. 'मीच का वाचलो' या प्रश्नाला उत्तर नाही. पण 'वाचलोय तर आता काय करू' याला आहे.

आपण स्मरणाला भक्ती म्हणतो. नवविधा भक्तीत श्रवण, कीर्तन, आणि लगेच स्मरण. नामस्मरणाने नामाला काही मिळत नाही, घेणारा बदलतो. गेलेल्या माणसाचं स्मरणही तसंच असायला हवं. फोटोला हार घालून मी होतो तसाच राहिलो, तर ते स्मरण झालं नाही.

यातही एक खड्डा आहे, तो सांगतो. टळलं असतं असं म्हणता म्हणता आपण दोषी शोधत सुटतो. ड्रायव्हर, ट्रॉलीवाला, कारखाना, सरकार. त्या आईने कुणाला फासावर द्या असं म्हटलं नव्हतं. तिला फक्त खरं हवं होतं. दुसऱ्याचा वाटा मोजायच्या आधी आपला वाटा मोजला, की राग जरा शांत होतो आणि हात कामाला लागतात.

मला हे करायला सहा वर्षं लागली. पुण्याहून गावी गेलो होतो, त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. ८०० रुपये, ड्रायव्हरचं बोलणं, आणि मी ऐकूनही गप्प बसलो ते. मावशी बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. जेवून जा."

तेव्हापासून दरवर्षी उसाचा हंगाम सुरू झाला की संघातले आम्ही सात-आठ जण दोन दिवस गावी जातो आणि कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॉल्यांच्या मागे लाल रेडियमच्या पट्ट्या चिकटवतो. फार मोठं काम नाही. पट्ट्या धुळीने झाकतात, निघून जातात, पुन्हा लावाव्या लागतात. लावताना आम्ही त्याचं नाव घेतो.

आजचा श्लोक खरा आहे. ज्या रात्री काहीच सुचत नाही त्या रात्री त्यानेच मला सावरलंय. पण तो मी आता आधी स्वतःला ऐकवतो, रडणाऱ्या आईला नाही.

आजचा संकल्प: आज एका गेलेल्या माणसाचं नाव घ्या. मग विचारा, त्याच्या जाण्यात टळण्यासारखं काय होतं, आणि तेच आज माझ्या आसपास कुठे तसंच उभं आहे? वाढदिवसाहून परतताना झोपाळलेला मित्र स्टिअरिंगवर बसत असेल, तर किल्ली काढून घ्या. तो चिडेल. चिडू द्या.

राम कृष्ण हरी.