चांदणं सामाईक, गळती स्वतंत्र

फ्लॅट घेताना माणूस जेवढे कागद वाचतो, तेवढे त्यानं विद्यार्थिदशेत वाचले असते तर निदान आमच्या बँकेच्या कर्जखात्यातली गर्दी तरी कमी झाली असती. कार्पेट एरिया किती, बाल्कनी किती, माळा आहे की नाही, गाडी कुठं लावायची, सारं चौरस फुटांत लिहिलेलं असतं. पण त्या करारनाम्यात एक गोष्ट कुठंच सापडत नाही. ती म्हणजे शरद ऋतू. बिल्डरला तो विकता येत नाही म्हणून असेल, किंवा अजून सुचलं नाही म्हणून असेल.

खरं म्हणजे फ्लॅटमधल्या माणसानं भोगावा असा हा एकच ऋतू. पावसाळ्यात आपण खिडक्या लावून बसतो, उन्हाळ्यात पडदे लावून. आश्विन-कार्तिकात मात्र दारंखिडक्या उघडतात. आता जाणकार म्हणतील, की बाबा रे, ऑक्टोबरचा उकाडा विसरलास काय? विसरलो नाही. पाऊस माघारी जातो, आभाळ निवळतं, ओल्या जमिनीवर ऊन थेट पडतं आणि दुपारी माणूस इडलीसारखा वाफवून निघतो. आयुर्वेदानंही हा पित्त खवळण्याचा काळ सांगितला आहे. पण त्यावरचा उतारा त्यानंच सांगून ठेवलाय : रात्रीच्या पहिल्या प्रहरी चांदण्यात बसावं. चरकसंहितेत शरदातल्या पाण्याला हंसोदक असं सुंदर नाव आहे. दिवसा सूर्यानं तापवलेलं आणि रात्री चंद्रानं निववलेलं पाणी. दीर्घायुष्याचा आशीर्वाद देताना आपल्या पूर्वजांनी वर्षं मोजली तीही शरदांनी. शंभर उन्हाळे जग, असा आशीर्वाद कुणी दिल्याचं ऐकिवात नाही. तो शापच झाला असता.

तर दुखणं आणि औषध एकाच महिन्यात. औषध मिळतं गच्चीवर. आणि गच्ची कुणाची? इथं मात्र प्रश्न सुरू होतो.

आम्ही कॉमर्सची माणसं. समोर काहीही आलं की आमच्या मनात पहिला विचार येतो, हे कुणाच्या खात्याला टाकायचं? कायद्यानं बघाल तर सोसायटीची इमारत सोसायटीची आणि आपण तिचे सभासद. माझ्या नावावर पन्नास रुपयांचे पाच शेअर आहेत. म्हणजे ज्या घरासाठी वीस वर्षं हप्ते भरायचे त्याचा दाखला अडीचशे रुपयांचा! ज्यांची नोंदणी १९७० च्या अपार्टमेंट मालकीच्या कायद्याखाली झाली, त्यांचा फ्लॅट त्यांचा स्वतःचा, आणि जिना, गच्ची, आवार यांत त्यांचा ठराविक टक्के 'अविभक्त हिस्सा'. हा शब्द मला फार आवडतो. हिस्सा आहे, पण तोडून घरी नेता येत नाही. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ साली गृहनिर्माण संस्था काढली, तेव्हापासून शंभराहून जास्त वर्षं आपण मराठी माणसं या अविभक्त हिश्श्यावरून विभक्त होत आलो आहोत.

आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं आहेत. तळमजला धरून चार मजले, लिफ्ट नाही. मी दुसऱ्या मजल्यावर. डोक्यावर गच्ची नाही, पायाखाली जमीन नाही. तत्त्वज्ञानाला यापेक्षा सोयीची जागा नाही.

तर चोवीस बिऱ्हाडांनी मिळून एक चंद्र पाहिला, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती आला? गणितानं एक चोवीसांश. पण गच्चीवर जाऊन पाहावं तर प्रत्येकाला पुरा दिसतो! पंचविसावा पाहुणा आला तरी तेविसाव्याचं चांदणं कमी होत नाही. वरच्या मजल्याला बिल्डर जादा पैसे घेतो, पण चंद्र सरासरी तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर लांब असल्यामुळं तीन जिने चढून त्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. शिवाय चंद्रावर कुठल्याही देशानं मालकी सांगायची नाही असं १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारात स्वच्छ लिहिलंय. जे अमेरिकेला आणि रशियाला जमलं नाही, ते आमच्या सेक्रेटरींना जमेल असं मला वाटत नाही. त्यांचे प्रयत्न मात्र चालू असतात. गच्चीची किल्ली त्यांच्याकडे असते.

याउलट पार्किंग घ्या. तिथं एक गाडी वाढली की दुसरी रस्त्यावर. म्हणून त्याच्यासाठी माणसं कोर्टात जातात. इमारतीखालची खांबांमधली पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, हे ठरायला २०१० साली सर्वोच्च न्यायालय लागलं. तेव्हा सामाईक गोष्टींचे दोन प्रकार झाले. वाटल्यानं कमी होणाऱ्या आणि वाटल्यानं कमी न होणाऱ्या. पहिल्यांवरून भांडणं होतात, दुसऱ्यांवरून कविता होतात. इथवर सगळं ठीक आहे.

दुसऱ्या प्रकाराचं एक उदाहरण आमच्या आवाराच्या भिंतीपलीकडे उभं आहे. शेजारच्या बंगल्यात प्राजक्ताचं झाड आहे आणि सकाळी सडा पडतो तो आमच्या हद्दीत. कृष्णानं झाड सत्यभामेच्या अंगणात लावलं आणि फुलं रुक्मिणीच्या अंगणात पडली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि कृष्णाच्या चातुर्याला हसतो. मी मोठा झाल्यावर मला वेगळीच शंका यायला लागली. रुक्मिणीचं अंगण झाडायचं कुणी? आमच्या इथं एका पक्षाचं म्हणणं, काय भाग्य आहे हो, रोज देवाला फुलं! दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, बंगलेवाल्यांना नोटीस द्या, पायऱ्यांवर चिखल होतो. फुलं वेचणारे आणि चिखल मोजणारे एकाच जिन्यानं खाली उतरतात. फाटकाजवळच्या सप्तपर्णीचंही तेच. ऑक्टोबरात ती फुलली की अर्धी इमारत खोल श्वास घेते आणि उरलेली अर्धी डोकं दुखतं म्हणून खिडक्या लावते. वास सामाईक, डोकेदुखी ज्याची त्याची.

दिवाळीतले आकाशकंदील पाहिलेत ना? आपण चांगला चांदणीचा कंदील आणतो, स्टुलावर चढून गॅलरीत टांगतो, खाली उभं राहून बायको 'जरा डावीकडे' म्हणते. आणि मग घरात जाऊन बसतो. आपल्याला दिसतो तो समोरच्या विंगमधला कंदील. आपला दिसतो समोरच्यांना. स्वतःच्या पैशानं घेतलेली वस्तू दुसऱ्यानं पाहावी आणि दुसऱ्याची आपण, असा हा व्यवहार वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो. कुणी समोरच्याला बिल पाठवत नाही. हे मला जमतं, तुम्हालाही जमतं. मग आपलं अडतं कुठं?

अडतं ते तिसऱ्या प्रकारापाशी. वाटल्यानं कमी होणारी, न होणारी, आणि वाटून घ्यायला कुणीच तयार नसलेली. तिचं नाव गळती.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ३०२ मध्ये आषाढापासून भाद्रपदापर्यंत गळतं. गच्चीचा कोबा उखडलाय. बिचारे दिवाणखान्यात बादली आणि निजायच्या खोलीत परात ठेवून झोपतात. बादलीत पडणाऱ्या थेंबाचा आवाज ज्यानं रात्रभर ऐकलाय त्यालाच तो कळेल. मोजायला लागलं तर झोप येत नाही, न मोजावं तर पुढचा कधी पडतोय याची वाट पाहत झोप येत नाही. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळं विषय भिजलेल्या अवस्थेत निघतो. मग १०३ उठून विचारतात, "तुमच्या घरात गळतं, त्याचा खर्च आम्ही का द्यायचा? माझ्या बाथरूममध्ये गळलं तेव्हा मी सोसायटीकडे आलो होतो का?" टाळ्या पडतात. विषय पुढच्या सभेवर. तोवर ऑक्टोबर येतो, छत वाळतं, डाग तेवढा उरतो. भिंतीवरच्या डागाची आणि माणसाच्या तक्रारीची धार उन्हात सारखीच वाळते.

आणि दोन आठवड्यांनी कोजागिरी! नोटीसबोर्डावर चिठ्ठी लागते, व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरतो. दर घरी अमुक वर्गणी. मोठं पातेलं वर चढतं. केशर, वेलदोडे, चारोळी, जायफळ. दूध करपू नये म्हणून ढवळणारा एक आणि त्याला सूचना देणारे अकरा. मुलांच्या भेंड्या, बायकांची हौजी. मध्यरात्री लक्ष्मी 'कोण जागं आहे' असं विचारत फिरते म्हणतात, आणि ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करायचा नियम आहे, म्हणून शेवटचे दोन तास सगळे कुजबुजत जागे राहतात. १०३ चे गृहस्थ चटईवर ऐसपैस बसून पेल्यातल्या दुधात चंद्र पाहतात. ज्या जागी त्यांची चटई असते, त्याच्या बरोब्बर खाली ३०२ चा दिवाणखाना आहे.

मला प्रश्न पडतो तो इथं. चांदण्यासाठी गच्ची चोवीस जणांची, मग पावसासाठी एकट्याची कशी? आमच्या बँकेत 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' नावाचं खातं असतं. नावं दोन, पैसे कुणीही एकानं काढावेत. गच्ची हे तसं चोवीस नावांचं खातं आहे. आनंद काढायला कुणाही एकाची सही चालते. भरणा करायची वेळ आली की चोवीसही सह्या लागतात आणि त्यांतल्या तेवीस जुळत नाहीत.

नियमाचं म्हणाल तर नियम वाद घालायला जागा ठेवत नाही. आदर्श उपविधींत साफ लिहिलंय, की पावसाच्या पाण्यानं होणारी गळती सोसायटीनं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायची, आणि गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्याचं छत व गिलावा खराब झाला तर तोही सोसायटीनंच करून द्यायचा. बाथरूमची गोष्ट निराळी. ती ज्याची त्याची. दुरुस्तीसाठी आणि सिंकिंग फंडासाठी दरवर्षी बांधकामाच्या खर्चाच्या ठराविक टक्क्यानं पैसेही गोळा होतात. पण नियम दाखवून वसूल केलेल्या शेजारधर्माला काही चव नसते. बिनसाखरेचं मसाला दूध जसं. आहे सगळं, पण आहे कशाला असं वाटतं.

बरं, १०३ च्या म्हणण्यातही अगदीच तथ्य नाही असं नाही. जो वस्तू वापरतो त्यानं पैसे द्यावेत, हा जगातला बराचसा व्यवहार आहे. बँकेतही लॉकरचं भाडं ज्याचा लॉकर त्यालाच लागतं. मग जो गच्चीवर कधी पाऊलच ठेवत नाही त्यानं गच्चीच्या कोब्याला पैसे का द्यावेत?

याचं उत्तर मला तळमजल्यावरच्या आजींकडून मिळालं. आजींचे गुडघे गेलेत. चार वर्षांत त्या जिना चढलेल्या नाहीत. पण कोजागिरीची वर्गणी पहिली त्यांची. गेल्या वर्षी मी वर्गणीला गेलो तेव्हा म्हटलं, "आजी, तुम्ही वर येत नाही, राहू द्या की." तर म्हणाल्या, "अरे, मी वर येत नाही म्हणून काय झालं? तुम्ही वर हसता ते मला खाली ऐकू येतं. आणि तुम्ही वर्गणी घ्यायची थांबलात, की मी नाही असं ठरेल."

मी बी.कॉम. झालो, बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षा दिल्या, पण वर्गणीची अशी व्याख्या कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. माणूस पैसे देतो ते वस्तू वापरतो म्हणूनच असं नाही. आपण मोजले जावे म्हणूनही देतो. १०३ नी कोब्याचे पैसे नाकारले तेव्हा वाचले ते काही हजार रुपये, आणि मोजणीतून गळलं ते ३०२ चं बिऱ्हाड.

मोजणीवरून आठवण झाली. त्या रात्री लक्ष्मीनं खरोखरच येऊन विचारलं, तर आमच्या इमारतीत वर्षाच्या सगळ्या रात्री जागा असणारा माणूस एकच सापडेल. फाटकावरचा वॉचमन. त्याच्याकडे शेअर सर्टिफिकेट नाही, अविभक्त हिस्सा नाही. आपण एक रात्र जागतो आणि वर्षभर फोटो दाखवतो. त्याच्या जागरणाचं आपण पगारपत्रक करतो आणि वर 'झोपा काढतो' म्हणून तक्रारही करतो. आजींना दूध खाली पोचवायला मी निघालो तेव्हा आजींनीच विचारलं, "फाटकावर दिलंस का?" तेव्हापासून पेले पंचवीस धरतात.

यंदा सभेत ३०२ चा विषय पुन्हा निघाला. आजींनी नातवाबरोबर चिठ्ठी पाठवली होती, 'वॉटरप्रूफिंगला माझी संमती आहे.' जिच्या डोक्यावर तीन मजले आहेत तिची संमती वाचून दाखवल्यावर १०३ काही बोलले नाहीत. पाठिंबा नाही दिला, पण विरोधाची नोंदही करायला सांगितली नाही. पन्नास रुपयांचे पाच शेअर असलेल्या माणसाकडून मी एवढीच अपेक्षा ठेवतो. कोब्याचं काम दिवाळीनंतर सुरू व्हायचंय.

हिशेब तपासनीस पुढच्या वर्षी हा खर्च 'इमारत दुरुस्ती'त दाखवतील आणि पंचविसावा पेला 'किरकोळ'मध्ये. मधे जे काही कमावलं ते ताळेबंदात यायचं नाही. हिशेबशास्त्राचा नियमच आहे, की विकत घेतलेला गुडविल तेवढा पुस्तकात दाखवावा. स्वतः निर्माण केलेला दाखवता येत नाही.