कच्चा कागद

प्रस्ताव लिहून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. लहान उद्योजक येतात, बचत गट येतात, अमुक ठिकाणी काम मिळवायचंय म्हणतात, आणि मी कागद तयार करते. या धंद्यातली रीत अशी की गिऱ्हाइकासमोर कागद जाईल तो पूर्ण नटून: दर, मुदत, अटी, बांधणी, रंगीत मुखपृष्ठ. सरकारी निविदेत तर गिऱ्हाइकाशी मोकळं बोलायची एकच जागा, प्री-बिड बैठक. तिथे सगळे स्पर्धक एकत्र बसतात आणि मनातला खरा प्रश्न कोणीच विचारत नाही, कारण प्रश्नावरून तुमचा हिशेब ओळखता येतो. चहा मात्र बरा असतो.

वरळी कोळीवाड्यातल्या बायकांच्या एका गटाला वरळी-लोअर परळच्या कचेऱ्यांत दुपारचं जेवण पुरवायचं होतं. जिथे गिरण्यांचे भोंगे वाजायचे तिथे आता काचेच्या इमारती आहेत, आणि त्यांत बसणाऱ्यांना कोळणीच्या हातचं कालवण हवंसं वाटेल, हा त्यांचा साधा अंदाज. मी दरपत्रकाला हात घालणार तोच गटातल्या मावशी म्हणाल्या, “बाय, त्यांना इचारलं नाय, तर दर कशाचा लावतेस?”

मावशींचा जन्म पाटी डोक्यावर घेऊन दारोदार मासळी विकण्यात गेला. कोणत्या घरात गुरुवार पाळतात, श्रावण कोण कडक धरतं, कुणाचा जावई रविवारी जेवायला येतो, कुणाच्या नातवाला गाबोळीच लागते, हे सगळं त्यांच्या डोक्यात. आजची मासळी तोलतानाच त्या विचारणार, “उद्या काय आणू?” त्या उत्तरांवर दुसऱ्या दिवशी पहाटे भाऊच्या धक्क्यावर बोली लावायची. म्हणजे निम्मा माल घेण्याआधीच विकलेला. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याला लांबलचक नावं आहेत. मावशींना त्यांचं काही कौतुक नव्हतं.

मग आम्ही एका कचेरीत एकच पान नेलं, तेही अर्धं कोरं. वर लिहिलं होतं: आम्ही काय रांधतो, कोणत्या महिन्यात काय मिळतं. खाली रिकामी जागा. तिथल्या कँटीनचा व्यवस्थापक आजवर प्रस्तावांचं फक्त शेवटचं पान बघत असे, दराचं. इथे दरच नव्हता, म्हणून त्याने खिशातलं पेन काढलं आणि तो रिकाम्या जागेत लिहायला लागला. तळलेल्या मासळीचा वास एसीच्या नळीतून वरच्या मजल्यावर जातो आणि तिथून तक्रार येते. सामानाची लिफ्ट बाराला बाहेरच्यांसाठी बंद होते. हे आम्ही घरी बसून कधीच ओळखलं नसतं. बोंबील फ्राय तिथेच बाद झाला. कालवण, भात आणि घट्ट झाकणाच्या डबीत जवळ्याची चटणी राहिली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी, ताजी मासळी महाग, हे वरच्या ओळींत होतंच. त्यासमोर ‘पावसाळ्यात सोडे, सुकट चालेल’ असं त्याने स्वतः लिहिलं. आपल्या हातची अट माणूस सहसा मोडत नाही.

कागद कच्चा असण्याचा हा गुण इतरांनीही हेरला आहे. १९८१ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या छपाई कामगारांच्या संघटनेने संशोधकांबरोबर ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प सुरू केला. वृत्तपत्रांच्या मांडणीसाठी येणारा संगणक कसा असावा, हे कामगारांनी सांगायचं होतं. तांत्रिक आराखडे दाखवून काही निघेना. मग पुठ्ठे, प्लायवूड आणि कागद यांचे खोटे संगणक करून त्यांच्यासमोर ठेवले, तेव्हा ते बोलायला लागले. पुठ्ठा कापायला कोणी बिचकत नाही.

आणि सिमेंट ओतल्यावर? त्याचं उदाहरण शोधायला कोळीवाड्याला लांब जावं लागत नाही. कोस्टल रोड वरळीला सागरी सेतूला जोडायचा, तर त्या जोडपुलाचे खांब क्लीव्हलँड बंदरातून होड्या समुद्रात जातात त्याच वाटेवर. पालिकेच्या आराखड्यात दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर. तांत्रिक निकषांनी ते पुरेसं आहे, हे तिचं म्हणणं. मच्छीमार २०० मीटर मागत होते. उसळत्या पाण्यात होडी सरळ रेषेत जात नाही, वारा आणि ओढ तिला बाजूला सारतात, हे त्यांचं रोजचं गणित. भरसमुद्रात आंदोलन झालं, काम अडलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब गाळून अंतर १२० मीटर करायचं ठरलं. २०२४ मध्ये तिथे १३६ मीटर लांबीची, दोन हजार टनांची कमान बसवली गेली. मच्छीमार या रस्त्याचे गिऱ्हाईक नव्हते, हे खरं. पण ती वाट रोज वापरणारे तेच, आणि त्यांचा प्रश्न नकाशावर पेन्सिल फिरत होती तेव्हाही हाच होता. तेव्हा तो ऐकला असता तर खोडरबरावर भागलं असतं, असं माझं मत.

विचारणं म्हणजे मान डोलावणं मात्र नव्हे. त्याच व्यवस्थापकाने पुढे सगळी मासळी बिनकाट्याची मागितली, मसालाही निम्मा करायला सांगितला. मावशी म्हणाल्या, “काटा नको तर पनीर खा ना, राजा.” लिफ्ट कधी बंद होते ते त्याला कळतं, कालवणाला कोकम किती, ते मावशींना. ही हद्द ज्याला आखता येत नाही त्याने कोरा कागद घेऊन जाऊ नये, तो कागद गिऱ्हाईकच भरून टाकतं. दुसरा धोका उघड चोरीचा. एका कचेरीने आमचं सगळं उत्साहाने ऐकून घेतलं, सूचना केल्या, आणि तोच बेत आपल्या जुन्या कंत्राटदाराकडून करून घेतला. तेव्हापासून मसाल्याचं प्रमाण आणि मासळी कोणाकडून घेतो, या दोन गोष्टी कागदावर येत नाहीत.

सगळ्यात अडलं ते पैशांवर. “आमच्याकडे सगळ्यांना पंचेचाळीस दिवस,” व्यवस्थापक म्हणाला. धक्क्यावर पहाटे रोख मोजावी लागते; पंचेचाळीस दिवस बायकांनी कशावर काढायचे? मी व्याजाचा हिशेब मांडायला लागले. मावशींनी कागद त्याच्याकडे सरकवला आणि बिल कोणाकोणाच्या टेबलावरून जातं ते लिहायला सांगितलं. लिहिता लिहिता त्यालाच आठवलं, की ठरावीक रकमेपर्यंत त्याची एकट्याची सही चालते. त्या रकमेत साधारण आठवड्याचं जेवण बसत होतं. बिल दर शनिवारी द्यायचं ठरलं, आणि दर मी त्यानंतर लिहिला.