पालवी ओढून काढता येत नाही

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १४ ते १६



आजच्या श्लोकांत भगवंत अर्जुनाला एक साधा हिशोब मांडून दाखवतात. कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात. ते जिथे घडतं ते अधिष्ठान, करणारा कर्ता, हाताशी असलेली साधनं, वेगवेगळे प्रयत्न आणि पाचवं दैव. एवढं सगळं असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसतच नाही, असं ते पुढे म्हणतात.

वाचून मान डोलावते, पण लगेच प्रश्नही पडतो. पाचातला मी एकच असेन, तर माझी जबाबदारी किती? एक पंचमांश? आणि बाकीचं दैवावर सोडलं तर तो भक्तिभाव की आळस?

हा प्रश्न आज मी एका कुंडीतल्या झाडावर तपासून बघणार आहे. पीस लिली. तुमच्यापैकी अनेकांच्या फ्लॅटमध्ये ती असेलच. कर्जत, नेरळ, चौक या पट्ट्यातल्या नर्सऱ्यांतून रविवारी फार्महाऊसवरून परतणारी माणसं गाडीच्या डिकीत घालून नेतात, तीच हिरवीगार पानांची, पांढऱ्या फुलाची. दोनतीन महिन्यांनी मग तक्रार सुरू होते. फूल गेलं, नवीन पानही येत नाही, काय घालू?

आधी झाडाची ओळख करून घेऊ. पीस लिली लिलीच्या कुळातली नाहीच. ती आपल्या अळूच्या, सुरणाच्या कुळातली. मूळची मुख्यतः अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातली, मोठ्या झाडांच्या सावलीत, ओलसर जमिनीवर वाढणारी. म्हणून तिला भर उन्हात ठेवलं की पानं करपतात, आणि अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं की ती जगते, पण वाढत नाही. खिडकीजवळचा, थेट ऊन न लागणारा भरपूर उजेड तिला हवा असतो. माती वरून बोटभर सुकली की पाणी द्यायचं. कुंडीला खाली भोक हवंच, नाहीतर मुळं कुजतात. पिवळं पडलेलं पान देठाच्या तळाशी कापायचं. मुळांनी कुंडी गच्च भरली तर एक माप मोठी कुंडी घ्यायची, किंवा गड्डे वेगळे करून दोन रोपं करायची. वाढीच्या दिवसांत थोडंसं गांडूळखत पुरतं. खत जास्त झालं तर पानांची टोकं तपकिरी होतात.

बस, एवढंच. यातल्या एकाही कामाला 'पान आणणं' म्हणता येणार नाही, हे लक्षात आलं का? नवं पान जुन्या पानाच्या देठाच्या आवरणातून येतं, घट्ट गुंडाळलेलं, हिरव्या सुरळीसारखं. ती सुरळी लवकर उलगडावी म्हणून बोटाने सोडवायला गेलात तर पान फाटतं. आपण जागा देतो, पाणी देतो, अडथळा दूर करतो. उलगडणं हे त्याचं काम.

आता नर्सरीतल्या त्या फुलाचं. कुंड्या विक्रीला काढायच्या वेळी सगळ्या एकदम फुललेल्या हव्यात, म्हणून व्यावसायिक उत्पादक पीस लिलीवर जिबरेलिक ॲसिड फवारतात. हे वाढीचं संप्रेरक आहे, त्याने रोप ठरावीक आठवड्यांनी फुलावर येतं. व्यापारात ते चालतं, त्यात मी दोष काढत नाही. पण ते पहिलं फूल विक्रेत्याच्या तारखेला उमललेलं असू शकतं, आणि तुमच्या घरी झाड स्वतःच्या वेळेवर परत आलेलं असतं. त्याला आपण म्हणतो, 'हिचं काहीतरी बिनसलंय.'

माणसांच्या बाबतीतही आपण अशाच तारखा ठरवतो. माझे बाबा जाऊन दीड वर्ष झालं. आई खोपोलीच्या घरी असते, मी डोंबिवलीला. दर रविवारी खोपोली लोकलने जातो. पहिलं वर्षभर ती फारशी बोलायचीच नाही. चहा करून द्यायची आणि खिडकीशी बसायची. आत्या फोनवर विचारायची, "अजून वहिनी तशीच गप्प का रे?" शेजारचे काका म्हणायचे, "दिवाळीपर्यंत सावरायला हवं बघ तिने." सगळ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण त्या प्रत्येक वाक्यात एक तारीख होती.

रविवारी मी काय करायचो? बाजारहाट, बिलं, गोळ्यांची डबी भरणं, शेजारी बसणं. बाकी काही सुचतच नव्हतं.

यंदा जूनच्या पहिल्या पावसानंतर आई स्वतःहून बाजारात गेली आणि शेवळं घेऊन आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेवळं ही आपल्या रायगड-ठाण्याच्या रानातली भाजी, पीस लिलीच्याच कुळातली. जमिनीखालचा कंद कित्येक महिने निपचित असतो, वर काही खूण नसते. पहिल्या सरींच्या सुमारास मातीतून थेट फुलाचा कोंब वर येतो, पान नंतर. कर्जत-खालापूरच्या बाजारांत ठाकर, कातकरी बाया त्याच्या जुड्या घेऊन बसतात. खाजरी असतात, म्हणून काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवायची. आईने काकडंही मागून आणली होती. सोलायला बसली आणि म्हणाली, "थोडे वाल भिजत घाल रे."

इतकंच बोलली. बाकी दुपार तशीच शांत गेली.

मी दर रविवारी गेलो नसतो तर हे झालं असतं का? मी गेलो म्हणून झालं का? आजचे श्लोक वाचताना वाटलं, हा हिशोब मांडायची मला गरजच नाही. माझं जाणं त्या पाचांत होतं. पाऊसही होता. ती जुडी विकणारी बाई होती. आईच्या आत खोल काहीतरी होतं, जिथे माझा हात पोचत नाही.

मग जबाबदारी एक पंचमांश का? नाही. जबाबदारीचा भागाकार होत नाही. माझा वाटा माझ्यापुरता पूर्णच असतो. पीस लिली तहानली की सगळी पानं टाकून देते. तेव्हा 'दैवात असेल तर जगेल' म्हणणारा भक्त नव्हे, तो फक्त झारी उचलायला कंटाळलाय. दुसऱ्या अध्यायात फळाची आसक्ती सोडायला सांगतानाच भगवंत, काही न करण्याचीही ओढ नको, हे त्याच श्लोकात सांगून ठेवतात. घरातलं कुणी मनाने खोल बुडत असेल तर त्याला डॉक्टरांकडे नेणं हेही पाणी घालणंच आहे.

आमच्या खालापूर तालुक्यातच महडचा वरदविनायक आहे. तिथला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतोय, असं सांगतात. म्हणजे इतकी वर्षं कुणीतरी वेळेवर तेल घालतंय. त्यातल्या कुणीही ज्योत हाताने बनवलेली नाही. आणि एकानेही 'ज्योत माझ्या हातात नाही' म्हणून तेल घालणं थांबवलेलं नाही. या दोन गोष्टी एकत्र धरता येणं, म्हणजेच मला वाटतं आजच्या श्लोकांचा अर्थ जगणं.

शेवटी फुलासाठी अडून बसलेल्यांना एक गंमत. पीस लिलीचं ते पांढरं 'फूल' खरं तर एक बदललेलं पानच असतं. खरी फुलं मधल्या दांड्यावर, बारीक दाण्यांसारखी. आणि नवव्या अध्यायात भगवंत काय काय स्वीकारतात ते सांगताना आधी पानाचं नाव घेतात, फुलाचं नंतर.

आजची साधना : घरातल्या एका झाडाची माती बोटाने तपासा. कोरडी असेल तरच पाणी द्या. मग ज्याच्या सावरण्याची तुम्ही वाट बघताय, त्या माणसाला फोन करा. 'आता बरं वाटतंय का?' हा प्रश्न आज नको. जेवलात का, एवढंच विचारा.

हरी ॐ.