झिजलेला पट्टा आणि परक्याचे धान्य

यंत्र बंद पडले म्हणजे दोष सर्वांस दिसतो. यंत्र चालू असताना जे नुकसान होते त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. खालापूर तालुक्यातील लोधिवलीसारख्या भातशेतीच्या गावी भाड्याचा हार्वेस्टर खाचरात उतरला, तर इंजिनाची शक्ती मळणीच्या ढोलापर्यंत पोचविण्याचे काम बहुधा रबरी पट्टा करितो. आपल्या तिरप्या कडांनी तो पुलीच्या खाचेत घट्ट बसतो. त्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या की पट्टा लगेच तुटत नाही. तो घसरू लागतो. ढोलाचा वेग मंदावतो, लोंब्यांतील दाणे पुरते सुटत नाहीत आणि पेंढ्याबरोबर मागे जातात. कापणी मात्र चाललेलीच दिसते.

नव्या पट्ट्याचा खर्च यंत्रमालकाचा. वाया जाणारा दाणा शेतकऱ्याचा. भाडे तासावर असेल, तर विलंबाचा भुर्दंडही त्यालाच. ‘अजून चालतो आहे’ हे मालकाचे उत्तर काटकसरीचे भासते. परंतु दुसऱ्याच्या कणगीतून केलेल्या बचतीस आम्ही काटकसर म्हणणार नाही.

कोणी म्हणेल, परतीच्या पावसाचे ढग दाटले असता यंत्र थांबवून पट्टा बदलीत बसणे शहाणपणाचे नव्हे. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच पट्टा तपासून बदलण्याचे कर्तव्य हंगामापूर्वीचे होय. पट्ट्याची स्थिती मालकास ठाऊक असते. शेतकरी केवळ विश्वासाने यंत्र बोलावितो. तो विश्वास राखणे हेही भाड्याच्या करारातच येते, मग ते कागदावर लिहिलेले असो वा नसो.