धर्म घेऊन काय मिळाले?



एक प्रश्न तुमच्या कानांवर अनेकदा आला असेल. कधी कचेरीत, कधी गावात, कधी आपल्याच भावकीत कोणी विचारतो, "धर्म बदलून तुम्हांला मिळाले काय?" विचारणाऱ्याला धर्म म्हणजे सौदा वाटतो. इतके दिले, तर इतके पदरात पडले पाहिजे. याचे उत्तर शोधण्यासाठी आज परक्या देशातील, परक्या धर्मातील एका धावपटूकडे पाहू.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, विचिटा येथे, १९४७ साली जिम रायनचा जन्म झाला. लहानपणी गोवरामुळे त्याची श्रवणशक्ती निम्म्याने गेली. शाळेत कोणताही संघ त्याला घेईना. पुढे बॉब टिमन्स या प्रशिक्षकाच्या हाताखाली तो धावू लागला आणि १९६४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने एक मैल चार मिनिटांच्या आत पार केला. शाळकरी मुलाने हे करण्याची ती पहिलीच वेळ होती. १९६६ साली त्याने मैलाचा जागतिक विक्रम केला आणि १९६७ साली तो स्वतःच मोडून ३ मिनिटे ५१.१ सेकंदांवर आणला.

कीर्ती मिळाली, पण शांती मिळाली नाही. १९६८ साली मेक्सिको शहरात, ७,००० फुटांहून अधिक उंचीवरच्या विरळ हवेत, केनियाचा किप केनो १५०० मीटरची शर्यत जिंकला. रायनला रौप्यपदक मिळाले, तरी अनेकांनी त्याला हरलेलाच म्हटले. १९६९ साली एका शर्यतीत तो मध्येच थांबला आणि मैदानाबाहेर निघून गेला. त्यानंतर दीड वर्षाहून अधिक काळ तो स्पर्धेत उतरला नाही.

रायन ख्रिस्ती घरात वाढला होता. तरीही १९७२ साली त्याने आपल्या पत्नीसह ख्रिस्ताची श्रद्धा नव्याने आणि जाणीवपूर्वक स्वीकारली. वारशाने आलेला धर्म त्याला पुरला नाही. तो त्याला स्वतः घ्यावा लागला.

आणि लगेच फळ काय मिळाले? त्याच वर्षी म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये, प्राथमिक फेरीतच, दुसऱ्या धावपटूशी पाय अडकून तो कोसळला. उठला, शर्यत पूर्ण केली, पण संधी गेली होती. चूक घडल्याचे अधिकाऱ्यांनी मान्य केले, तरी पुन्हा धावू देण्याची मागणी फेटाळली गेली. पुन्हा ऑलिंपिक त्याच्या वाट्याला आले नाही.

श्रद्धा हा सौदा असता, तर तो त्याच दिवशी मोडला असता. तो मोडला नाही. मनातला राग जायला आणि क्षमा करायला आपल्याला फार काळ लागला, हे रायनने पुढे स्वतःच सांगितले. १९९६ ते २००७ या काळात तो अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा सभासद होता. पण त्याची खरी कमाई म्हणजे त्या रागावरचा विजय.

त्याचा आधार ईश्वर आहे. बुद्धाचा धम्म ईश्वरावर उभा नाही, माणसाच्या प्रयत्नावर उभा आहे. हा भेद झाकण्याचे कारण नाही. तरी दहा पारमितांतील दोन पारमितांचा अर्थ या माणसाकडे पाहून सहज कळतो. पडल्यावर उठून धावणे हे वीर्य. द्वेषाला मनात घर करू न देणे ही क्षांती. आणि नीट पाहा, रायनने आधी न्याय मागितला, मग क्षमा केली. क्षांती म्हणजे मुकाट्याने अन्याय सोसणे नव्हे. अर्ज करा, दाद मागा, लढा. मात्र ज्याच्याशी लढता, त्याच्या द्वेषाने आपले मन जाळून घेऊ नका.

१९५६ साली नागपूरला आपल्या आज्या-पणज्यांनी धम्म विचारपूर्वक घेतला. आपल्यापैकी बहुतेकांना तो जन्माने मिळाला आहे. जन्माने मिळते ते नाव. धम्म ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो. पंचशील आपण ओठांनी म्हणतो की मनाने घेतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

मग कोणी विचारले, "काय मिळाले?" तर सांगा: न पडण्याची हमी मिळाली नाही. पडल्यावर उठण्याचे बळ मिळाले, आणि उठताना मन निर्मळ ठेवण्याची वाट मिळाली. त्या वाटेवर रोज चालणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि तेच पुरेसे आहे.